कलादालनात माणसं आणायची, तर…

नाशिकच्या शालिमारला महाकवी कालिदास कलामंदिराच्या शेजारी महापालिकेचं महात्मा फुले कलादालन आहे. शालिमारची गर्दी सगळ्यांना ठाऊक आहे: रिक्षा, कपड्यांची दुकानं, शहर बसला लटकलेली कॉलेजची मुलं, खेड्यावरून बाजाराला आलेली कुटुंबं. आत चित्रांचं प्रदर्शन लागलेलं असतं, दार उघडं असतं, आणि या गर्दीतलं जवळजवळ कुणीच आत येत नाही. फार तर एखादा बाप लेकराचं बोट धरून दारापर्यंत येतो आणि रखवालदाराला विचारतो, "तिकीट आहे का? चपला काढायच्या का?" समाधानकारक उत्तर मिळालं नाही, तर तो तिथूनच परत फिरतो.

या बापासाठी काम करणं म्हणजे कलादालनातलं शिक्षण आणि लोकसंपर्काचं काम. दालनाला ज्यांचं नाव आहे त्या जोतिरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं होतं. सरकार वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च करतं आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे पाहत नाही, हे त्यांनी तिथे ठामपणे मांडलं. याच शहरात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात दलितांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षं चालला. सार्वजनिक म्हणवणारी जागा खरोखर कुणाची, हा प्रश्न नाशिकला नवा नाही. कलादालनात काम करू पाहणाऱ्याने तो रोज स्वतःला विचारला पाहिजे.

हा लेख तुमच्यापैकी तीन-चार प्रकारच्या वाचकांसाठी आहे. नुकतंच एटीडी किंवा बीएफए झालेले आणि शाळेतल्या नोकरीची वाट पाहणारे तरुण. चित्रकलेचे सर आणि बाई. हौशी चित्रकार, ज्यांना आपल्या प्रदर्शनाला नातेवाइकांपलीकडे कुणी यावं असं मनापासून वाटतं. आणि निवृत्तीनंतर काही सार्वजनिक काम करू इच्छिणारे.

आधी नोकरीचं बोलू. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात किंवा भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिक्षणाचं काम पाहणारी स्वतंत्र माणसं असतात. तिथे शिरायचं असेल, तर संग्रहालयशास्त्राचं शिक्षण उपयोगी पडतं. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाचा स्वतःचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे आणि बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात हा विभाग १९५२ पासून चालतो. नाशिकमध्ये मात्र अशा जागेची जाहिरात निघेल म्हणून बसून राहू नका. इथली बहुतेक प्रदर्शनं काही दिवसांची असतात. दालन भाड्याने मिळतं, चित्रकार चित्रं लावतो, उद्घाटन होतं आणि आठवड्याच्या आत भिंती रिकाम्या होतात. त्यामुळे इथे काम करायचं तर ते प्रदर्शन भरवणाऱ्या चित्रकाराबरोबर, कलामहाविद्यालयाबरोबर किंवा एखाद्या संस्थेबरोबर स्वतःच उभं करावं लागतं. गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक, १८४० सालापासून चालत आलेलं सार्वजनिक वाचनालय आणि त्याचं वस्तुसंग्रहालय, सराफ बाजाराजवळचा सरकारवाडा, अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आणि तिथलं नाण्यांचं संग्रहालय, नाशिक कला निकेतनसारखी चित्रकला शिकवणारी संस्था, ही सगळी तुमची ठिकाणं आहेत. दोन पानांचा प्रस्ताव घेऊन भेटा. कोणासाठी, किती वेळा, किती खर्चात, एवढंच त्यात लिहा. "कलेचा प्रसार" या शब्दांनी सुरू होणारे प्रस्ताव कपाटात जातात.

मला आग्रहाने सांगायचं आहे ते एकच: कमी करा. चित्रं कमी दाखवा, शाळा कमी घ्या, पण त्याच शाळेकडे पुन्हा पुन्हा जा. ही गोष्ट पटायला अवघड जाते, कारण वरून विचारणा होते ती आकड्यांची. किती विद्यार्थ्यांनी भेट दिली? मग बसमागून बस येते, मुलं रांगेने एका दारातून शिरतात आणि दुसऱ्या दारातून बाहेर पडतात, बाई ओरडत असतात "हात लावू नका, पुढे चला", आणि नोंदवहीत भलामोठा आकडा चढतो. त्या मुलांना संध्याकाळी घरी विचारलं की काय पाहिलं, तर "चित्रं" एवढंच उत्तर येतं. अशा भेटीने काही शिकवलं असेल, तर कलादालन म्हणजे गप्प बसून चालत राहायची जागा, एवढंच.

एका वर्गाला एका भेटीत दोन, फार तर तीन चित्रं पुरतात. हे कसं होतं ते सांगतो.

एका गटप्रदर्शनात गोदाघाटाचं एक मोठं जलरंगातलं चित्र होतं. पंचवटीतल्या एका शाळेची सातवीची मुलं आली होती. त्यांना चित्रापुढे जमिनीवर बसवलं. उभ्या मुलांचं लक्ष पायात असतं. मग सांगितलं की दोन मिनिटं नुसतं बघायचं, बोलायचं नाही. पहिला काही वेळ हसणं-खिदळणं झालं, कोपरं मारून झाली, आणि मग एकेक डोळा चित्रात अडकायला लागला. चित्रकाराचं नाव, साल, शैली यातलं काहीही मी सांगितलं नव्हतं. पहिला प्रश्न होता, या चित्रात काय चाललंय?

"पूर येणारे," एक मुलगा म्हणाला.

"कशावरून?"

"पाणी मातकट आहे."

मागून एक मुलगी म्हणाली, "येणार नाही, येऊन गेला. मारुतीच्या कमरेवर ओली रेघ आहे ना."

नाशिककरांना दुतोंड्या मारुतीबद्दल वेगळं सांगायला नको. गोदेला पाणी चढलं की ते मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं की गळ्याला, यावरून सारं शहर पुराचा अंदाज घेतं. चित्रातल्या मारुतीच्या अंगावर खालच्या भागात रंग थोडा गडद होता. ती रेघ चित्रकाराने मुद्दाम काढली होती की कागद ओला असताना रंग उतरला होता, यावर मुलांमध्ये चांगलाच वाद झाला. कोण बरोबर, हे मी सांगितलं नाही. मग विचारलं, चित्रकार कुठे बसला असेल? होळकर पुलावर, असं बऱ्याच जणांचं मत पडलं. एका मुलाला ते पटेना. "पुलावरून बघितलं तर टपऱ्यांची छपरं वरून दिसतात. इथं छपराच्या खालची बाजू दिसतेय. तो पायरीवर बसलाय." वर्गात फळ्यावर क्षितिजरेषा आणि दृष्टिबिंदू शिकवून जे डोक्यात शिरत नाही, ते त्या मुलाने स्वतः शोधून काढलं होतं. त्यानंतर मी यथार्थदर्शन हा शब्द सांगितला, तेव्हा तो त्यांना हवा होता.

या पद्धतीवर बाहेरच्या जगात बराच विचार झालेला आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसेन यांनी मिळून तीन साध्या प्रश्नांची पद्धत बसवली. चित्रात काय चाललंय, असं कशावरून म्हणता, आणि अजून काय दिसतं. मुलाने उत्तर दिलं की ते आपल्या शब्दांत पुन्हा म्हणायचं, त्या जागी बोट दाखवायचं, आणि चूक-बरोबर न ठरवता पुढे जायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण आपल्याला उत्तर माहीत असताना गप्प राहणं हे या कामातलं सगळ्यात कठीण कौशल्य आहे. घरी आरशासमोर नाही, तर घरच्या माणसांसमोर त्याचा सराव करा. कॅलेंडरवरचं चित्र घ्या आणि आपल्या आजीला हे तीन प्रश्न विचारा.

माहिती कधीच द्यायची नाही, असा याचा अर्थ घेऊ नका. मुलांनी विचारलं की द्या, आणि खरी द्या. नाशिकच्या जलरंगांची गोष्ट निघाली, तर शिवाजी तुपे यांचं नाव यायलाच हवं. घाट, वाडे आणि देवळं त्यांनी जागेवर बसून रंगवली. चित्रपटाची गोष्ट निघाली, तर त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आधी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, हे सांगा. हातात कुंचला धरलेला मुलगा पुढे कुठे पोहोचू शकतो, हे मुलांना आपल्याच जिल्ह्यातल्या माणसावरून कळतं.

आता भेटीच्या आधीचं. या कामातला तुमचा खरा भागीदार म्हणजे शाळेतले चित्रकलेचे सर. मुख्याध्यापकांच्या सहीने मुलं येतात, पण सरांच्या मनात असेल तरच ती काही घेऊन जातात. त्यांना आधी एकट्याला दालनात बोलवा, चहा पाजा, चित्रं दाखवा आणि कुठली दोन निवडायची ते त्यांनाच ठरवू द्या. त्यांचं वर्षाचं वेळापत्रक समजून घ्या. पावसाळ्याच्या शेवटी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी जोरात असते, कारण त्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्या दिवसांत सरांना त्रास देऊ नका. जानेवारीत स्नेहसंमेलन, फेब्रुवारीनंतर परीक्षा. उरतात जुलै-ऑगस्ट आणि दिवाळीनंतरचा महिना-दीड महिना. सहलींचा हंगामही तेव्हाच सुरू होतो, आणि एसटीची शालेय सहलीची सवलत घेऊन पांडवलेणी आणि कलादालन एकाच दिवसात बसवता येतं. प्रदर्शन आठवडाभराचं आणि शाळेची परवानगी मिळायला त्याहून जास्त दिवस, अशी स्थिती असल्यामुळे दालनाची तारीख ठरली की त्याच दिवशी शाळेला पत्र गेलं पाहिजे. उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका छापून आल्यावर शाळा आठवली, तर उशीर झालेला असतो.

भेटीच्या आधी एकदा तरी शाळेत जा. जाताना एक पत्र्याची पेटी न्या. तिच्यात येणाऱ्या प्रदर्शनातल्या एकदोन चित्रांच्या मोठ्या छापील प्रती असू द्या. सोबत गेरूचा खडा, तांदळाची पिठी, झिजलेला कुंचला, जलरंगाचा जाड खरबरीत कागद आणि साधा ड्रॉइंग पेपर. दोन्ही कागदांवर एकाच कुंचल्याने पाणी ओढायला लावा. फरक मुलांच्या हाताला कळतो. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली "म्युझियम ऑन व्हील्स" ही बस सुरू केली, ती संग्रहालयातल्या गोष्टी घेऊन गावोगावच्या शाळांपर्यंत जाते. आपल्याकडे बस नाही, पण पेटी दुचाकीच्या मागे बांधता येते.

शाळेत गेलात की मुलांना एक काम द्या: आपल्या घराजवळचा डोंगर काढा. बहुतेक कागदांवर दोन त्रिकोणी डोंगर येतील, मधून उगवणारा सूर्य, खाली वळणाची नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. पेठ रोडच्या शाळेत, जिथे खिडकीतून रामशेज दिसतो, तिथेसुद्धा हेच येतं. रामशेजचा माथा सपाट आहे, कडे सरळ तुटलेले आहेत, थरावर थर दिसतात. आपला सगळा सह्याद्री लाव्हाच्या थरांचा आहे, त्याला टोकं कमी आणि माथे जास्त. ही मुलं रोज तो डोंगर बघतात आणि काढतात मात्र वहीच्या मुखपृष्ठावरचा. इथे त्यांना चूक म्हणू नका. सगळ्यांना खिडकीशी न्या, हवेत बोटाने डोंगराची वरची रेघ काढायला लावा आणि मग नवा कागद द्या. दुसऱ्या चित्रात कुणाचा रामशेज एका बाजूला कललेला येईल, कुणी कड्यावर पावसाळी धबधबा आणेल. दालनात येताना ही दोन्ही चित्रं मुलांनी सोबत आणावीत. चित्रकाराने घाट कसा पाहिला आणि मी डोंगर कसा पाहिला, अशी बरोबरीची गोष्ट मग सुरू होते.

याच कारणासाठी मी चित्रकला स्पर्धांच्या विरोधात आहे, आणि हे ठामपणे म्हणतो. कलादालनाला लोकांपर्यंत पोहोचायचं म्हटलं की पहिली कल्पना स्पर्धेचीच निघते. सोपी असते, पुरस्कर्ता मिळतो, फोटो चांगले येतात. पण स्पर्धेत मूल बक्षीस मिळालेलं चित्र पुन्हा काढतं, म्हणजे पुन्हा तोच सूर्य आणि तेच दोन डोंगर. ज्यांना बक्षीस मिळत नाही, त्यांना "मला चित्र येत नाही" हे कायमचं कळतं. तेवढ्याच पैशांत एका शाळेच्या वर्षभराच्या भेटी होतात.

पेठ, सुरगाणा, हरसूल, कळवण या भागातल्या शाळांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे चांगल्या हेतूने बरीच गडबड होते. आश्रमशाळेची मुलं आणायची, तर परवानगी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून लागते आणि मुलींबरोबर अधीक्षिका असणं आवश्यक आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा घ्यायच्या असतील, तर दिवाळीच्या आधी घ्या. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि मुलंही त्यांच्याबरोबर असतात. पेठहून येणारी बस सावळघाटातून येते, निम्म्या मुलांना गाडी लागलेली असते. दालनात आल्या आल्या स्वागताचं भाषण करू नका. आधी पाणी, स्वच्छतागृह, थोडे पोहे, पंधरा मिनिटं मोकळं बसणं. ही व्यवस्था शिक्षणाच्या कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि अंदाजपत्रकात तिची ओळ असली पाहिजे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आदिवासी मुलं आली म्हणून त्यांना वारली चित्रांपुढे नेऊन बसवू नका आणि "ही तुमची कला" असं म्हणू नका. त्यांतली बरीच मुलं कोकणा किंवा महादेव कोळी असतात. वारली असली, तरी त्यांना समुद्राचं चित्र, तैलचित्र, अमूर्त चित्र बघायचा तेवढाच हक्क आहे. उलट शहरातल्या मुलांना वारली शिकवताना नुसते त्रिकोण जोडून माणूस काढायला लावणं पुरेसं नाही. लग्नाच्या वेळी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि त्यात पालघाट देवी असते. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांत फिरले आणि ही चित्रं कागदावर येऊ लागली. जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. हे सगळं सांगा, आणि शक्य असेल तेव्हा शिकवायला त्या भागातला चित्रकारच बोलवा. त्याला मानधन द्या, तेही शहरातल्या चित्रकाराला देता तेवढंच. बोहाडा या उत्सवात नाचवतात त्या मुखवट्यांबद्दलही हेच. मुखवटा भिंतीवर टांगून त्याखाली "आदिवासी मुखवटा" लिहिलं की त्याची निम्मी गोष्ट मेली. कोणत्या गावचा, कोणत्या सोंगाचा आणि तो घेऊन नाचण्याचा मान कुणाच्या घरात आहे, हे तिथे आलं पाहिजे.

मोठ्या माणसांना आणायचं काम शाळांपेक्षा अवघड आहे, कारण त्यांना कुणी रांगेने पाठवत नाही. सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी काही ठेवायचं, तर त्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारा, तो रविवारच असेल असं धरून चालू नका. भाजीवाल्या मावशींना यायला सांगायचं, तर दुपारी, माल संपत आल्यावर. एक उपाय मला खात्रीचा वाटतो: लोकांना त्यांच्या जाणतेपणासाठी बोलवा. जुन्या नाशकातल्या तांबटांना घंगाळ घेऊन दालनात बसवा. मठारताना एका ठोक्याशेजारी दुसरा ठोका किती अंतरावर पडतो, हातोडीचं तोंड गुळगुळीत का लागतं, हे ते मुलांना दाखवतील. मग त्याच ओघात तांबटांना शेजारच्या धातुशिल्पाकडे न्या आणि विचारा, हे कसं केलं असेल? कलाविद्यार्थ्याच्या लक्षात येणार नाही अशी जोडाची जागा ते बोट ठेवून दाखवतात. येवल्याचा पैठणी विणणारा रंगांच्या चित्रापुढे उभा राहिला, तर ताण्याचा एक रंग आणि बाण्याचा दुसरा मिळून धूपछाव कशी होते, ते तो सांगेल. चित्रातल्या रंगांच्या सरमिसळीकडे बघायची ती उत्तम वाट आहे. पुढच्या वेळी हीच माणसं घरच्यांना घेऊन येतात.

चित्राखालची पाटी मराठीत हवी, अक्षर मोठं हवं, आणि ती दहा वर्षांच्या मुलाला मान वर न करता वाचता आली पाहिजे. मजकुराचं एक उदाहरण देतो. "प्रस्तुत कलाकृतीत चित्रकाराने अमूर्ततेच्या माध्यमातून अवकाशाचा वेध घेतला आहे." हे वाक्य वाचून कुणीही पुन्हा चित्राकडे बघत नाही. त्याऐवजी असं लिहा: "चित्रकाराने आधी सगळ्या कॅनव्हासला निळा रंग दिला आणि तो वाळायच्या आत फडक्याने पुसला. पुसल्याच्या खुणा उजव्या कोपऱ्यात दिसतात." हे वाचणारा माणूस लगेच उजव्या कोपऱ्याकडे बघतो. चांगली पाटी वाचकाला आपल्यापासून दूर, चित्राकडे पाठवते. ही वाक्यं लिहायला चित्रकाराशी अर्धा तास बोलावं लागतं, आणि बहुतेक चित्रकार आनंदाने बोलतात.

रखवालदाराला विसरू नका. बाहेरच्या माणसाला दालनाचा पहिला आवाज ऐकू येतो तो त्याचा. प्रत्येक प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर सगळी चित्रं फिरून पाहा, त्याला कुठलं आवडलं ते विचारा. "तिकीट नाही, चपला राहू द्या, आत या, ते कोपऱ्यातलं चित्र बघा." एवढी चार वाक्यं तो म्हणू लागला, तर तुमच्या सगळ्या पत्रकांपेक्षा जास्त माणसं आत येतील.

दृष्टिहीन पाहुण्यांसाठी काही करायचं तर आधी त्यांना विचारा. दृष्टिहीनांसाठीच्या नॅब या संस्थेचं काम नाशिकमध्ये आहे, तिथल्या शिक्षकांशी बोला. शिल्पांच्या प्रदर्शनात ज्या शिल्पांना हात लावलेला चालेल, त्यांची यादी शिल्पकाराकडून लेखी घ्या. चित्रांसाठी कलामहाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून मातीत किंवा प्लास्टरमध्ये उठावाच्या पाट्या करून घेता येतात. घाटाच्या चित्रातल्या पायऱ्या, मारुती, पाण्याची पातळी बोटांना कळेल अशी.

आता पैसे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे कायमचे ठेवले. गोवर्धन म्हणजे आजही गंगापूर रोडला असलेलं तेच गाव. त्या ३००० पैकी २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. २००० वर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४० कार्षापण होतात, आणि लेख सांगतो की लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चिवरासाठी प्रत्येकी १२ मिळावेत. हिशोब बरोबर जुळतो. सातवी-आठवीच्या मुलांना मी हे गणित लेण्याच्या ओसरीतच करायला देतो.

ठेवीच्या व्याजाची ही रीत आजही चालते. कंपन्यांचा सीएसआर निधी खर्चायचा असतो, त्यातून पेट्या, पाट्या, रंगसाहित्य घ्या. पण दरवर्षीच्या एसटीचा आणि पोह्यांचा खर्च ठेवीच्या व्याजातून निघाला पाहिजे. नाशिकमध्ये आई-वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ वाचनालयांना, व्याख्यानमालांना देणग्या देणारी कुटुंबं आहेत. त्यांच्याकडे जा आणि नेमकं मागा: एका शाळेच्या वर्षातल्या तीन भेटी, कायमच्या. "कलेला मदत करा" म्हटलं की शंभर रुपये मिळतात, "पेठच्या शाळेची बस तुमच्या आईच्या नावाने" म्हटलं की माणूस हिशोब विचारतो.

स्वतःच्या मानधनाबद्दल लाजू नका. पहिला एखादा कार्यक्रम ओळख म्हणून फुकट करा, त्यानंतर नाही. प्रस्तावात तुमची ओळ वेगळी दाखवा. जे काम फुकट होतं, ते पहिल्या अडचणीला बंद पडतं, आणि मग शाळेला दिलेला शब्द मोडतो.

मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड नको. कोणत्याही गटाबरोबर कायम दोन मोठी माणसं, स्वच्छतागृहाकडे एकट्या मुलाला न पाठवणं, आणि शाळेच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो प्रसिद्ध न करणं, हे नियम छापून दालनात लावा.

अहवाल लिहिताना आकडे द्यावेच लागतात, ते द्या. त्याशेजारी मुलांची वाक्यं द्या, जशीच्या तशी, त्यांच्या बोलीत, नाव न घालता. त्यासाठी भेटीच्या वेळी एका विद्यार्थी स्वयंसेवकाला मागे वही घेऊन बसवा, त्याने दुसरं काहीही करायचं नाही. पहिल्या भेटीत मुलं "छान आहे", "भारी आहे" म्हणतात. तिसऱ्या भेटीत "छपराच्या खालची बाजू दिसतेय" असं म्हणतात. ही दोन वाक्यं एका पानावर समोरासमोर ठेवली की तीच शाळा पुन्हा का बोलवायची, हे अधिकाऱ्याला वेगळं समजवावं लागत नाही.

आणि भेट संपताना प्रत्येक मुलाच्या हातात एक साधी चिठ्ठी द्या: प्रदर्शन कोणत्या तारखेपर्यंत आहे, किती वाजेपर्यंत उघडं असतं, तिकीट नाही, चपला काढाव्या लागत नाहीत, आणि मूल घरच्यांना कुठलं चित्र दाखवणार आहे त्यासाठी एक रिकामी ओळ. ती ओळ मुलानेच भरायची. रविवारी दुपारी तुम्ही स्वतः दालनात थांबा. चिठ्ठी घेऊन कोणी आलं, तर समजावून सांगायचं काम त्या मुलाला करू द्या.